तिसऱ्या फेरीतले उंदीर

“माझे उंदीर पुन्हा उदास झालेत,” बाई म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

खिडकीपाशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या भाऊजींनी मान वर केली. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत आजवर हरवलेले दागिने आले होते, पळालेले नवरे आले होते, खोट्या सह्या आल्या होत्या. उदास उंदीर पहिल्यांदाच येत होते.

“हसू नका भाऊजी,” वहिनी म्हणाल्या.

“मी कुठं हसतोय?”

“हसणार होतात.”

वहिनींचं निम्मं आयुष्य कोर्टात साक्षी टिपून घेण्यात गेलं होतं. माणूस खोटं बोलताना नेमका कुठं अडखळतो हे ऐकून ऐकून त्यांचे कान तयार झाले होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. त्यांचे धाकटे दीर भूगोलाचे निवृत्त मास्तर. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि ते चालत चालत रोज इथंच येत. ते वहिनी म्हणत म्हणून अशिलंही वहिनी म्हणू लागली, वकीलही, आणि हल्ली तर चौकीतले फौजदारसुद्धा.

“सुरुवातीपासून सांगा,” वहिनी म्हणाल्या. “आम्हाला यातलं काही कळत नाही असं समजून.”

बाई एका प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. खोल नैराश्यावरचं एक नवं औषध त्यांच्याकडे तयार होत होतं. माणसांना देण्याआधी ते पांढऱ्या उंदरांवर तपासायचं होतं.

“पण उंदीर उदास आहे हे कळतं कसं?” भाऊजींनी विचारलं.

“त्याच्यापुढे दोन बाटल्या ठेवतो. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर गोड बाटली सोडत नाही. मन मरगळलेल्या उंदराला दोन्ही सारख्याच. गोडाची गोडीच जाते.”

“आणि मन मरगळतं कशानं?”

“आम्हीच मरगळवतो. भुसा ओला करायचा, पिंजरा तिरका ठेवायचा, झोपेच्या वेळी दिवा लावायचा. मोठं संकट नाही, नुसती रोजची कटकट. काही आठवडे.”

“म्हणजे आमच्या इमारतीसारखं,” भाऊजी म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. “हे क्रूर आहे, मला माहीत आहे. मी रोज स्वतःला विचारते, याला दुसरा मार्ग आहे का. पण न तपासलेलं औषध थेट आजारी माणसाच्या तोंडात घालणं त्याहून क्रूर.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. उंदरांचे दोन गट. एकाला रोज औषधाची सुई, दुसऱ्याला नुसत्या मिठाच्या पाण्याची. पिंजऱ्यांना निळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्या. कुठला रंग औषधाचा हे प्रयोगशाळेत कुणालाच ठाऊक नसे. ते गुपित बाहेरच्या समितीकडे. पहिल्या फेरीत औषधवाले उंदीर सावरले आणि गोड बाटलीवर तुटून पडले. दुसऱ्या फेरीतही तेच. सगळीकडे आनंदीआनंद. मग समितीनं ऐनवेळी तिसरी फेरी मागितली. कुरकुरत का होईना, ती केली. काल गुपित उघडलं. औषधवाले आणि बिनऔषधवाले, दोन्ही सारखेच उदास.

“कुणीतरी माझ्या औषधात पाणी घातलंय,” बाई म्हणाल्या. “नाहीतर दोनदा चाललेलं औषध तिसऱ्यांदा कसं फसेल?”

“रक्त तपासलंत?”

“कालच नमुने बाहेर पाठवलेत. उद्या कळेल.”

“आणि घाई कसली आहे? तुमच्या पायाची टाच मघापासून थांबलेली नाही.”

बाईंनी पाय आवरला. “माणसांवरची चाचणी पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहे. ज्यांना कुठलंच औषध लागू पडलं नाही असे लोक. नवं औषध द्यायचं तर जुनं हळूहळू कमी करावं लागतं. ते कमी करायला त्यांनी सुरुवातही केलीये. माझं औषध खरं असेल आणि मी थांबवलं, तर त्यांची आशा जाते. खोटं असेल आणि थांबवलं नाही, तर...” त्या थांबल्या. “ही माणसं कड्याच्या टोकाला उभी आहेत, वहिनी. मला खरं काय ते हवंय. माझ्या विरुद्ध गेलं तरी चालेल.”

“असं सगळेच म्हणतात.”

“मी सगळ्यांतली नाही,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज स्थिर झाला.

वहिनींनी पदर खोचला. “चला भाऊजी. ते यंत्र ठेवा खाली, कान किटले माझे.”

भाऊजींनी यंत्र खाली ठेवलं नाही, पिशवीत टाकलं. वटवाघळांचे आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाहीत इतके वरच्या पट्टीतले असतात. ते खाली आणून ऐकवणारं हे यंत्र त्यांनी हौसेनं घेतलं होतं आणि तेव्हापासून घरच्यांना सुखानं चहा पिऊ दिला नव्हता.

&nbsp;

प्राण्यांच्या खोलीत भर दुपारी अंधार होता. उंदीर अंधारात जागतात म्हणून त्यांच्यासाठी दिवसाची रात्र केली होती. कोपऱ्यात एकच तांबडा दिवा. तांबडा उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही, असं पशुवैद्यांनी सांगितलं. ते उंच, वाकलेले गृहस्थ होते आणि कपाळावरची आठी त्यांच्या जन्मापासूनची असावी.

“माझ्यावर संशय असेलच,” ते स्वतःच म्हणाले. “हे प्रयोग मला पटत नाहीत हे मी सगळ्यांना सांगत असतो. यांना कागदाची घरटी द्या, लपायला नळ्या द्या, असं मी मागत असतो. मॅडम म्हणतात, फेरी संपेपर्यंत नाही.”

“मग सोडून का जात नाही?” वहिनींनी विचारलं.

“मी गेलो तर माझ्या जागी न कुरकुरणारा येईल.”

भाऊजी खालच्या ओळीतले पिंजरे पाहायला गुडघ्यांवर बसले होते. डावीकडे निळ्या पट्टीचे, उजवीकडे पांढऱ्या पट्टीचे. पुढच्या फटीतून सांडलेला भुसा सगळीकडे सारखाच फिकट दिसत होता. पिंजऱ्यातले उंदीर अंग चोरून बसले होते.

“सुई कोण देतं?”

“मीच. तिन्ही फेऱ्यांत मीच. जाड हातमोजा, मान धरायची, टोचायची, परत आत. यांनी माणसाचा उघडा तळहात कधी पाहिलेला नाही. उगाच हाताळायचं नाही असा नियमच आहे.”

“साफसफाई?”

“आधी मॅडमची सहायिका करायची. गोड पाण्याची मोजणीही तिच्याचकडे. फार मनापासून करायची हो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायची. भुशाचे ट्रे मागच्या अंगणात नेऊन उन्हात घासायची. या फेरीला तिला माणसांच्या चाचणीच्या कामाला लावलं आणि ते माझ्या गळ्यात आलं. मी कसला घासतोय? इथंच तांबड्या दिव्यात भुसा काळ्या पिशवीत भरतो, तोंड बांधतो, टाकून देतो.”

“या खोलीत अजून कोण येतं?”

“दार कार्डानं उघडतं. कार्ड मॅडमकडे, माझ्याकडे आणि सहायिकेकडे होतं. तिचं तिनं ही फेरी सुरू व्हायच्या आधी परत केलं. रसायनवाल्या साहेबांना तर मी उंबरठाही ओलांडू देत नाही. त्यांच्या अंगाला बारा प्रकारचे वास येतात.” त्यांची नजर भाऊजींच्या पिशवीकडे गेली. “यात काय आहे?”

भाऊजींनी खुशीत यंत्र दाखवलं.

“अरे वा! मग इथंही लावून बघा. उंदीरसुद्धा आपल्या कानांच्या वरच बोलतात. भ्यायले की एक लांब खालचा सूर काढतात. खेळताना चिवचिवतात.”

भाऊजींनी यंत्र लावलं. पशुवैद्यांनी हातमोजा चढवून एका पिंजऱ्याकडे हात नेला तसा यंत्रातून एक लांबट, रडवा सूर निघाला. हात मागे घेतला, सूर थांबला. मग बराच वेळ नुसती खरखर.

“चिवचिव नाही कुठंच,” भाऊजी हळू आवाजात म्हणाले.

“नाहीच येणार,” पशुवैद्य म्हणाले. “पलीकडच्या खोलीत दुसऱ्या फेरीतले जुने उंदीर ठेवलेत. औषध बंद झाल्यावर पुढं काय होतं ते बघायला. ते जरा बरे आहेत. पण त्यांनाही खेळायला कोण आहे?”

&nbsp;

रसायनतज्ज्ञ आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. औषध त्यांनीच बनवलं होतं, आणि त्यावर शंका घेणं म्हणजे त्यांच्या मुलीच्या चारित्र्यावर शंका घेण्यासारखं होतं.

“दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तुम्हाला बोलावणं आहे म्हणे,” वहिनींनी थेट मुद्द्यालाच हात घातला.

“आहे. म्हणून काय मी स्वतःच्या औषधात पाणी घालीन? माझं नाव ज्यावर आहे ते बुडवून मला कोण घेणार?”

“ते दिसतं मात्र पाण्यासारखंच,” वहिनी टेबलावरची कुपी उजेडात धरत म्हणाल्या.

“बाटलीत! शरीरात जाऊन तुटलं की मस्त रंग सोडतं. दिसण्यावर जाऊ नका, बाई. ते मेंदूपर्यंत पोचतं, मी दाखवून दिलंय.”

“पोचतं. आणि पोचून काय करतं?”

“ते उंदरांना विचारा,” ते फणकारले. “दोनदा त्यांनी उत्तर दिलंय.”

सहायिका रस्त्यापलीकडच्या इमारतीत बसत होती. तिशीची, बारीक अंगाची, डोळ्यांखाली काळं. माणसांच्या चाचणीसाठी आलेल्या लोकांशी तीच बोलत असे. वहिनी आत गेल्या तेव्हा ती फोनवर कुणाला तरी समजावत होती, “हो काका, आता थोडेच दिवस. धीर धरा.”

“तिसऱ्या फेरीबद्दल मी काय सांगणार?” ती म्हणाली. “मी तर त्या खोलीत पाऊलही ठेवलं नाही. मॅडमना विचारा, कार्डसुद्धा परत दिलंय.”

“तुमचा औषधावर विश्वास आहे?”

“आहे.” उत्तर चटकन आलं. “माझी ताई यादीत पहिलीच आहे. थोरली बहीण. आईच्या माघारी तिनं मला वाढवलं. आता दोन-दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. सगळी औषधं करून झाली.” तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. “कुणी पाणी घातलं असेल तर त्याला शोधा. प्लीज.”

भाऊजींना गप्प बसवेना. “ते उंदीर चावत नाहीत का हो? मला तर भीतीच वाटली.”

पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. “छे! तळहात उताणा ठेवून बघा. आधी नाक लावतात, मग मनगटावर चढून बोटांशी कुस्ती खेळायला लागतात.”

“फारच छान,” वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

रस्त्यावर ऊन होतं. भाऊजी आपलं गणित मांडू लागले. “उघड आहे. तिसऱ्या फेरीत नवीन काय आलं ते शोधायचं. नवीन माणूस? कुणीच नाही. मग राहिला तो पशुवैद्य. सुई त्याच्या हातात. त्याला हे बंदच पाडायचंय.”

वहिनी ऐकत नव्हत्या. त्या भाऊजींच्या पांढऱ्या पँटीकडे बघत होत्या.

“भाऊजी, तुमचा डावा गुडघा पिवळा कसा?”

भाऊजींनी खाली पाहिलं. उजव्या गुडघ्याला भुशाचे दोन-चार फिकट कण. डाव्यावर मात्र चांगला तळहाताएवढा पिवळा डाग.

“रंगवलेल्या बाकावर बसलो असेन कुठंतरी.”

“एका गुडघ्यानं?” वहिनी तिथंच थांबल्या. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला, पण त्यांना पत्ता नव्हता. “आत आपण दोघांनी तो भुसा पाहिला. तेव्हा दोन्हीकडे एकसारखा होता.”

“डाग जाईल ना? हिनं कालच धुतलीये.”

“ही पँट आता दोन दिवस कुणी धुवायची नाही,” वहिनी म्हणाल्या.

&nbsp;

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ततपासणीचा निकाल आला. औषधवाल्या गटातल्या प्रत्येक उंदराच्या रक्तात औषध पुरेपूर होतं. बिनऔषधवाल्यांच्या रक्तात थेंबही नव्हता.

फोनवर बाईंचा आवाज पडला होता. “पाणी घातलंच नाही कुणी. मग झालं काय?”

“दुपारी सगळ्यांना एकत्र बोलवा,” वहिनी म्हणाल्या. “आणि ते दुसऱ्या फेरीतले जुने उंदीर, त्यांचे दोन पिंजरे टेबलावर ठेवा. एक औषधवाल्यांचा, एक बिनऔषधवाल्यांचा. पट्ट्या काढून टाका. कुठला कुठला ते फक्त तुम्हाला माहीत असू दे.”

बैठकीच्या खोलीत पडदे ओढून घेतले होते. लांब टेबलाच्या एका टोकाला दोन पिंजरे, त्यांच्या मध्ये भाऊजींचं यंत्र. प्रमुख बाई, पशुवैद्य, रसायनतज्ज्ञ आणि सहायिका खुर्च्यांवर बसले. भाऊजी कालचीच पँट घालून आले होते आणि शक्यतो डावा पाय टेबलाखाली ठेवत होते.

“तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होता,” वहिनींनी सुरुवात केली. “तिसऱ्या फेरीत बिघडलं काय? आमच्या भाऊजींनीही तोच विचारला. पण औषध शुद्ध होतं, मात्रा बरोबर होती, ते रक्तात पोचलं होतं. पशुवैद्यांची सुई तिन्ही फेऱ्यांत तीच. म्हणजे तिसऱ्या फेरीत काहीच बिघडलं नाही. ती फेरी खरी आहे.”

“अहो, मग पहिल्या दोन?” रसायनतज्ज्ञ अर्धे उठले.

“त्या खोट्या.”

वहिनींनी त्यांना हातानंच थांबवलं.

“तिसऱ्या फेरीत नवीन काय आलं हे शोधून काही हाती लागलं नाही. म्हणून मी उलटा प्रश्न केला. पहिल्या दोन फेऱ्यांत असं काय होतं, जे तिसरीत नव्हतं?”

“पण गुपित समितीकडे होतं,” बाई म्हणाल्या. “फक्त औषधवाल्यांना बरं करायचं, तर ते कोणते हे आधी माहीत हवं. आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं.”

“भाऊजी, उभे राहा.”

भाऊजी नाइलाजानं उभे राहिले. बाईंनी त्यांचा गुडघा पाहिला.

“यांचा डावा गुडघा निळ्या पट्टीच्या पिंजऱ्यांपुढं टेकला होता, उजवा पांढऱ्या पट्टीच्या. साहेब, शरीरात तुटलं की रंग सोडतं असं तुम्ही म्हणालात. कुठला रंग?”

“पिवळा,” रसायनतज्ज्ञ म्हणाले आणि एकदम खाली बसले.

“तांबड्या दिव्यात पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. त्यामुळं आत काम करणाऱ्याला काही कळत नाही. पशुवैद्य आतच पिशवी बांधून टाकतात. पण तोच भुसा कुणी अंगणात उन्हात नेला, तर गुपित ट्रेमध्येच उघडं पडतं. असं एकच माणूस करत होतं. तेच माणूस पहिल्या दोन फेऱ्यांत होतं आणि तिसऱ्या फेरीत नव्हतं. तिसऱ्या फेरीत आपण नव्हतो, हीच त्याची सगळ्यात भक्कम ढाल होती. पण तीच त्याच्याविरुद्धची सगळ्यात मोठी साक्ष आहे.”

सहायिका पांढरीफटक पडली. पण ती म्हणाली, “मी औषधाला हात लावला नाही. मोजणीतही फेरफार नाही. शपथेवर सांगते.”

“माझा विश्वास आहे. तुम्ही उंदरांना हात लावलात.” वहिनींचा आवाज मऊ झाला. “पशुवैद्य म्हणाले, यांनी माणसाचा उघडा तळहात कधी पाहिलेला नाही. आणि तुम्ही म्हणालात, तळहात उताणा ठेवला की बोटांशी कुस्ती खेळतात. तुम्हाला कसं माहीत?”

सहायिकेनं हात टेबलाखाली घेतले.

“भाऊजी, यंत्र लावा. मॅडम, आधी तुम्ही.”

बाईंनी पहिल्या पिंजऱ्यात उघडा हात ठेवला. उंदीर कोपऱ्यात सरकले. दुसऱ्यातही तेच. यंत्रात खरखर. रसायनतज्ज्ञांनी नाक मुरडत हात घातला, खरखर. पशुवैद्यांचा हात आत जाताच दोन्ही पिंजऱ्यांतून तो लांब रडवा सूर आला, आणि त्यांनी मान खाली घातली.

“आता तुम्ही.”

सहायिका जागची हलली नाही. मग ती उठली. पहिल्या पिंजऱ्यात तिनं हात ठेवला. काही नाही. तिनं दुसऱ्या पिंजऱ्याचं झाकण उचललं मात्र, आणि यंत्रातून चिवचिवाट फुटला. एक उंदीर धावत तिच्या तळहातावर आला, दुसरा मनगटावर चढला. तिची बोटं नकळत हलली आणि चिवचिव इतकी वाढली की भाऊजींना आवाज कमी करावा लागला.

“दुसरा पिंजरा कुणाचा, मॅडम?”

“औषधवाल्यांचा,” बाई म्हणाल्या.

सहायिकेनं उंदरांना हळूच खाली सोडलं, झाकण लावलं, आणि मग ती रडायला लागली.

“पहिल्या फेरीत भुसा पिवळा दिसला तेव्हा आनंद झाला मला,” ती म्हणाली. “वाटलं, आता औषध लागू पडताना आपल्याला बघता येईल. रोज बघायचे. पण ते तसेच बसून असायचे. ताई बसते ना, तसे. एक दिवस राहवलं नाही, हात घातला. मग रोज घालायला लागले. मोजणी करायला लागले तर गोड बाटल्या रिकाम्या! मला वाटलं, औषध चालतंयच, जरा हळू चालतंय, आपण नुसता टेकू दिला. दुसऱ्या फेरीतही दिला. आणि मग... मग माझाही त्यावर विश्वास बसला, मॅडम. खरंच बसला. नाहीतर मी ताईचं नाव घातलं असतं का?”

“इतकी वर्षं!” रसायनतज्ज्ञांनी टेबलावर मूठ आपटली. “इतकी वर्षं मी त्या रेणूवर घालवली आणि या मुलीच्या गुदगुल्या—”

“म्हणजे गुदगुल्या हेच औषध म्हणायचं!” भाऊजी भारावून म्हणाले.

प्रमुख बाई त्यांच्याकडे वळल्या. “रोजच्या कटकटीनं कोमेजलेला उंदीर खेळानं सावरला. एवढंच. हिच्या ताईला हसवायचा प्रयत्न आजवर कुणी केला नसेल, असं वाटतं तुम्हाला?”

भाऊजींनी यंत्र बंद केलं.

बाई उठल्या आणि त्यांनी पडदा सरकवला. उजेडात त्यांचं वय एकदम दिसलं. पण कालची थरथरणारी टाच आज जमिनीवर घट्ट होती.

“चाचणी थांबली,” त्या म्हणाल्या. “समितीला मी आत्ता फोन करते, सगळं सांगते. रुग्णांच्या डॉक्टरांना तासाभरात कळलं पाहिजे. प्रत्येकाची जुनी औषधं आजपासून पुन्हा वाढवायची. ज्यांना ती पुरत नाहीत त्यांना मोठ्या दवाखान्यात कोण घेईल, ते मी विचारून ठेवते. साहेब, तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर जा. राहणार असाल तर नव्या रेणूचं काम उद्यापासून. आणि तुम्ही,” त्या पशुवैद्यांना म्हणाल्या, “नळ्या आणि कागद आजच द्या सगळ्यांना. या उंदरांचं काम संपलं.”

“आणि मी?” सहायिकेनं विचारलं.

“तू इथं परत येणार नाहीस. तुझ्या हातून घडलं ते मी समितीपुढं लपवणार नाही. पण ताईला फोनवर कळता कामा नये. ते तू जाऊन सांगायचंस. आत्ता.”

सहायिकेनं मान हलवली. दाराशी जाऊन ती वहिनींपुढं थांबली. “तुम्ही याल? एकटीनं जमणार नाही मला.”

&nbsp;

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. भाऊजी धापा टाकत चढले, पण एक अक्षर बोलले नाहीत. ताई पलंगाच्या कडेला बसली होती. केस विंचरलेले नव्हते. उशाशी गोळ्यांची पाकिटं, अर्धा पेला पाणी. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, कोण हे विचारलं नाही.

सहायिका तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. स्वतःचं काही झाकलं नाही. वहिनी ऐकत होत्या. ती एकदाही अडखळली नाही.

ताईनं उशाशी पडलेलं एक पाकीट उचललं, परत ठेवलं.

“म्हणजे ते औषध नाहीच.”

“नाही, ताई.”

“तू उंदरांशी खेळत बसलीस. माझ्यासाठी.”

“हो.”

“मूर्ख आहेस.”

“आहे.”

ताईनं डोळे मिटले. वहिनींनी अभावितपणे खुर्चीचा हात धरला.

“जुन्या गोळ्या?” ताईनं विचारलं.

“आजपासून परत. डॉक्टरांचा फोन येईलच आता.”

“त्यांनी काही होत नाही मला.”

“माहीत आहे. म्हणून मॅडमनी मोठ्या दवाखान्यात बोलून ठेवलंय, वाटेतच फोन आला त्यांचा. तिथं वेगळे उपचार असतात. उद्या दहाची वेळ मिळालीये.”

“आणि त्यानंही नाही झालं तर?”

सहायिकेच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. होईल ग, नक्की होईल. तिनं ते गिळलं.

“तर मला माहीत नाही, ताई. मग आणखी शोधायचं.”

ताईनं डोळे उघडून धाकट्या बहिणीकडे नीट पाहिलं, जणू बऱ्याच दिवसांनी ती घरी आली होती.

“दहाची वेळ आहे ना,” ती म्हणाली. “मग आठलाच ये. मला उठून साडी नेसायलाच फार वेळ लागतो.”